हॅदरस्लेडची माती

बेरिल मिडग्ली स्कारबरोला बहिणीकडे महिनाभर राहून परतली, बॅग दारातच टाकली आणि चहासुद्धा न घेता मैदानावर गेली. तर मैदान जागेवर नव्हतं.

म्हणजे कुंपण होतं. पत्र्याचा स्टँड होता, चहाची खिडकी होती, 'पाहुण्या खेळाडूंनी चिखलाचे बूट आत आणू नयेत' ही पाटीही होती. पण मधलं हिरवं असं जे काही होतं ते कोणीतरी करपलेल्या पातेल्याचं बूड खरवडावं तसं खरवडून नेलं होतं. खाली नुसती खडी. खडीवर एक पिवळं यंत्र उभं होतं आणि यंत्रावर बसून एक माणूस सँडविच खात होता.

"माती कुठंय?" बेरिलने विचारलं.

"गेली. ट्रक भरभरून गेली."

"माझा नवरा होता तिच्यात."

त्या माणसाने घास गिळला आणि आपण खडीवाले, मातीवाले वेगळे, असं तिला सांगितलं.

हॅदरस्लेड टाउन फुटबॉल क्लब १८८९ साली निघाला तो लोकांची दारू सुटावी म्हणून. गिरणीतल्या पोरांना शनिवारी दुपारी काही उद्योग दिला तर ती गुत्त्यात जाणार नाहीत, असं चॅपलच्या पाद्रीसाहेबांना वाटलं. पहिल्या सभेच्या दिवशी चॅपलचं छप्पर गळत होतं म्हणून सभा 'फ्लीस' या पबमध्ये घेतली, आणि त्यानंतरची प्रत्येक सभा तिथेच भरत आली. पाद्रीसाहेब पुढच्याच वर्षी बदली मागून गेले. सव्वाशे वर्षांत क्लबने जिल्ह्याचा कप दोनदा जिंकला. त्यातला एक समोरच्या संघाची बस बर्फात अडकली म्हणून. पहिल्या महायुद्धात आघाडीचे पाचही जण एकाच दिवशी भरती झाले. एक परत आला. तो पुढे गोलकीपर झाला, कारण त्याला आता कुठेही धावत जायचं नव्हतं.

हा सगळा इतिहास नॉर्मन स्टॅन्सफील्डने लिहून ठेवला होता. नॉर्मन क्लबचा सेक्रेटरी, आयुष्यभर नगर वाचनालयात नोकरी केलेला, हळू बोलणारा माणूस. पण क्लबची जी सगळ्यात जुनी रीत, ती त्याच्याही लिखाणात नव्हती.

रीत अशी. युद्धानंतर कधीतरी क्लबचा बादलीवाला वारला. खेळाडू पडला की गार पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावत जाणारा तो माणूस. पुढच्या शनिवारी सामना संपल्यावर, पोरं आंघोळीला गेलेली असताना, त्याची बायको त्याची रक्षा घेऊन आली आणि तो जिथे बसायचा तिथे, रेषेच्या कडेला, मातीत मिसळून गेली. कोणी काही बोललं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही कोणी काही बोललं नाही. हॅदरस्लेडमध्ये एखादी गोष्ट मंजूर होते ती अशी. मग जो तो आपापल्या जागी जाऊ लागला. गोलकीपर गोलमध्ये, तिथे तसंही गवत उगवत नसे. विंगर रेषेलगत. नुसते बघे होते ते दोरीच्या मागे. एका रेफरीने मृत्युपत्रात तशी इच्छा लिहिली होती. त्याला कोपऱ्यातल्या झेंड्याखाली जागा मिळाली, त्याहून आत घेण्याची कोणाची तयारी नव्हती.

यातलं काहीही कधी सभेच्या वृत्तांतात आलं नाही. जिल्हा असोसिएशन हरकत घेईल हे एक कारण होतं. खरं कारण हे, की वृत्तांतात यायचं तर कोणीतरी ते तोंडाने बोलायला हवं. हॅदरस्लेडमध्ये माणूस गुडघ्यांवर बोलतो, गटारांवर बोलतो, हवेवर तर तासभर बोलतो. मेलेल्यांविषयी फार तर "तो पबच्या बाजूला आहे" एवढं म्हणतो आणि विषय बदलतो.

क्लिफ मिडग्ली पबच्या बाजूला होता, डाव्या कोपऱ्यात. चौदा हंगाम तो तिथे लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळला आणि त्या काळात मधली रेषा ओलांडून पलीकडे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पलीकडचं पलीकडच्यांनी बघावं, असं त्याचं मत. बेरिलने ट्यूलिपचे कांदे लावायच्या खुरप्याने त्याला स्वतः मातीत घातलं होतं. शेजारची हातभर जागा तिची. हेही ती कोणाला बोलली नव्हती आणि हेही सगळ्यांना माहीत होतं.

आता ती हातभर जागाच नव्हती, आणि क्लिफही नव्हता.

ती तडक नॉर्मनकडे गेली. नॉर्मन मागच्या अंगणात घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होता. तिला बघून त्याने हातातली सुतळी खाली ठेवली, म्हणजे त्याला सगळं कळलेलं होतं.

प्रकरण मार्चमधल्या सभेपासूनचं होतं. नवे अध्यक्ष डॅरेन ओल्ड्रॉइड यांनी कृत्रिम गवताची योजना मांडली होती. डॅरेनचा धंदा घरांना मागच्या बाजूने काचेच्या पडव्या काढून देण्याचा. निम्म्या हॅदरस्लेडला त्याने उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या पडव्या काढून दिल्या होत्या आणि आता त्याला क्लबला दिशा द्यायची होती. त्या आठवड्यात बेरिलच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हणून तिने नॉर्मनला बजावलं होतं, की गवताला माझी ना नाही, पण माती काढायच्या आधी आपली माणसं नीट बाजूला घेतली पाहिजेत, हे तू सभेत सांग. नॉर्मन हो म्हणाला. सभेनंतर तिने विचारलं तेव्हाही तो हो म्हणाला.

"तू बोललास म्हणाला होतास," बेरिल म्हणाली.

"विषय पत्रिकेवर होता, असं म्हणालो होतो."

"नॉर्मन."

"ऐनवेळच्या विषयांत घेतला होता. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात डॅरेन म्हणाला, काही नाही ना, छान, बार उघडा आहे. मग सगळे उठलेच गं."

"आणि तू?"

"मीही उठलो."

त्या सभेला पबचा हॉल भरलेला होता. प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या मातीत होतं. डॅरेनने पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली आणि शंका विचारा म्हणाला, तेव्हा एकाने गाड्या कुठे लावायच्या ते विचारलं आणि एका बाईने, नव्या गवतावर कुत्री चालतील का, ते. बाकीचे बुटांकडे बघत, शेजारचा कोणीतरी बोलेल म्हणून थांबले. शेजारचाही थांबला होता. अशा सभेत एखाद्याच्या कपड्यांनी पेट घेतला तरी तो ऐनवेळच्या विषयांची वाट बघेल, असं बेरिलचं मत पडलं आणि ते तिने नॉर्मनला ऐकवलं. आणखीही बरंच ऐकवलं. नॉर्मन घेवड्याकडे बघत उभा राहिला.

"माती नेली कुठे?" तिने शेवटी विचारलं.

नॉर्मनने खाली ठेवलेली सुतळी पुन्हा उचलली.

"ब्रिगथॉर्पला."

ब्रिगथॉर्प त्याच खोऱ्यात, नदीने खाली गेलं की पुढचंच गाव. १९११ च्या कप सामन्यात हॅदरस्लेड पुढे आहे असं दिसताच ब्रिगथॉर्पवाल्यांनी कापड रंगवायच्या कारखान्याचं पाणी मैदानात सोडलं होतं आणि सामना निळ्या चिखलात संपला. पुढे कित्येक वर्षांनी त्याच मैदानावर क्लिफची नडगी मोडली होती. तेव्हापासून त्याने ब्रिगथॉर्पचा पावसुद्धा खाल्ला नाही. कवळी बसवायची वेळ आली तेव्हा ब्रिगथॉर्पचा दंतवैद्य दाराशी असताना तो दोन बस बदलून हडर्सफील्डला गेला, आणि ती कवळी शेवटपर्यंत नीट बसली नाही, पण त्याने तक्रार केली नाही. अशा माणसाला ट्रकमध्ये भरून तिथे ओतलं होतं. ब्रिगथॉर्पच्या मैदानाचं नदीकडचं टोक दर हिवाळ्यात पाण्याखाली जातं, त्यांना भराव हवा होता. डॅरेनला माती हलवायची होती. यात दोन्ही बाजूंचं समाधान झालं, असं डॅरेनने कमिटीला कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती डॅरेनच्या शोरूममध्ये गेली. चारी बाजूंनी काच असलेल्या खोलीत उभं राहून, हातात छत्री असताना, राग आवरणं ही सोपी गोष्ट नाही. तिने आवरला. डॅरेनने तिला वेताच्या खुर्चीत बसवलं, बिस्किटं आणली. मला हे कोणीच सांगितलं नाही, मिसेस मिडग्ली, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला, आणि त्याहून संतापजनक म्हणजे ते खरं होतं. पण एवढ्यावर तो थांबला असता तर तो डॅरेन नसता. मातीची तपासणी झालेली आहे, घातक काही आढळलं नाही, असा दिलासा त्याने दिला. दिवंगत मंडळींसाठी प्रवेशद्वाराजवळ 'वारसा भिंत' उभारायची त्याची कल्पना होती, पितळी पट्ट्यांची. उद्घाटनाच्या दिवशी हा विषय कृपया नको, पाहुणे आहेत.

"आणि तसं बघायला गेलं तर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "राखच ना ती? गवताला चांगली असते म्हणतात."

"मग तुझ्या नव्या गवताला काय घालणार?" बेरिलने विचारलं. "दरवर्षी एखादा पडवीवाला?"

ती बिस्किटाला हात न लावता निघाली.

त्याच दुपारी खुरपं आणि एक कापडी पिशवी घेऊन ती ब्रिगथॉर्पच्या बसमध्ये बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मैदानावर लेन हॉइल होता, ब्रिगथॉर्पचं गवत राखणारा म्हातारा, एक कान फुटबॉलने चपटा झालेला. त्याने पिशवीकडे बघितलं आणि रोलर थांबवला.

"हॅदरस्लेडची ना? तुझं कोण?"

"नवरा. लेफ्ट बॅक."

"या बाजूने ये, पोरी. तिकडे आत्ताच बी पेरलंय."

तो तिला नदीकडच्या गोलपाशी घेऊन गेला. काळी, भुसभुशीत माती सगळीकडे सारखी पसरलेली होती. हॅदरस्लेडची माती काळी आहे, ब्रिगथॉर्पची पिवळट, त्यामुळे कुठून कुठपर्यंत आपले आहेत ते स्पष्ट दिसत होतं. लेन म्हणाला, तू काही पहिली नाहीस. बरेच येऊन गेले. सगळे कुत्रा फिरवायला आल्यासारखे यायचे. एकाजवळ तर कुत्रा नव्हताच, नुसता पट्टा होता. मूठभर माती पिशवीत घालायचे आणि जाताना म्हणायचे, आमच्यातल्या कोणाला सांगू नका. तो वाचनालयवाला नॉर्मनसुद्धा येऊन गेला, बापासाठी. चष्मा पुसत होता बराच वेळ.

हे ऐकून बेरिलला जो राग आला त्यापुढे डॅरेनवरचा राग म्हणजे चहा सांडल्यावर येतो तेवढाच होता. मार्चमध्ये एकाने, फक्त एकाने, एक वाक्य बोलायला हवं होतं. ते बोलायला ज्यांची जीभ वळली नाही त्यांचे पाय मात्र परक्या गावात चोरासारखे वळले होते.

"यातला क्लिफ कुठला?" तिने विचारलं.

"ते कसं सांगणार? ट्रकमध्ये सगळे एक झाले. आम्ही पसरली ती अंदाजाने."

"आयुष्यात कधी मधली रेषा ओलांडली नाही त्याने. आणि आता बघा. ब्रिगथॉर्पच्या गोलसमोर पडलाय."

"ऑफसाइड तरी नाही," लेन म्हणाला.

तिला हसू आलं आणि हसू आलं म्हणून ती आणखी संतापली. तिने खुरपं परत पिशवीत घातलं. अंदाजाने मूठभर नवरा मी घरी नेणार नाही, असं तिने लेनला सांगितलं. मूठ भरली आणि त्यात तो रेफरी निघाला तर?

ऑगस्टमधल्या शनिवारी उद्घाटन झालं. नवं मैदान दुकानातल्या गालिच्यासारखं दिसत होतं आणि त्याला रबराचा वास येत होता. फीत होती, केक होता, केकवरही मैदान होतं. उद्घाटनाच्या छापील पुस्तिकेत नॉर्मनने लिहिलेल्या इतिहासाची कापून कापून दोन पानं केलेली होती, बाकीच्या पानांवर पडव्यांच्या जाहिराती. डॅरेन क्लबचा निळा कोट घालून ती दोन पानं वाचत होता. शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

"क्लब म्हणजे मैदान नव्हे," तो म्हणाला. "क्लब म्हणजे माणसं. आणि ती आज इथे आहेत."

"नाहीत," बेरिल म्हणाली.

ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली होती. हॅदरस्लेडमध्ये भाषण चालू असताना कोणी उभं राहिलं की लोक समजतात त्याला बाथरूमला जायचंय. दोघांनी पाय आखडून तिला वाट करून दिली.

"ती ब्रिगथॉर्पला आहेत. मी संघ वाचून दाखवते," ती म्हणाली, आणि सामन्याआधी लाउडस्पीकरवर वाचतात तसं वाचू लागली. हातात कागद नव्हता. गोलमध्ये हर्बर्ट सच, जर्मनांच्या कैदेतून आला आणि पुढच्याच शनिवारी खेळला. राइट बॅक इर्विन शॉ. लेफ्ट बॅक क्लिफर्ड मिडग्ली. प्रत्येक नावाला सभेत कुठेतरी कोणीतरी मान खाली घालत होतं. कुठे कोणाची मान खाली जाणार हे तिला आधीच माहीत असल्यासारखी ती त्या त्या दिशेला बघून वाचत होती.

"सेंटर हाफ," ती म्हणाली आणि व्यासपीठाकडे वळली, "वॉलेस ओल्ड्रॉइड."

डॅरेन समजूतदारपणे हसला. "नाही, मिसेस मिडग्ली. आजोबा व्हिटबीला आहेत. समुद्रात."

"समुद्रात तो कशाला जाईल? त्याला बोट लागायची."

"आई म्हणाली होती."

"तू लहान होतास. पोराला रात्री झोप लागणार नाही म्हणून सांगितलं तसं. मोठा झाल्यावर खरं सांगायचं राहून गेलं. मधल्या वर्तुळात होता तो, अगदी मध्ये. मी होते तिथे, क्लिफने खड्डा खणला. तू त्याच्यावर ट्रक लावलास, डॅरेन, आणि ब्रिगथॉर्पला देऊन टाकलास."

डॅरेनने पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे बघितलं. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. पर्स लहानशी होती, पण शोध संपेना. मग डॅरेन हातातल्या दोन पानांकडे बघू लागला, जणू यापुढे काय बोलायचं ते तिथे छापलेलं असेल. मागे कोणीतरी, भाषण संपलं असं समजून, टाळ्या वाजवल्या आणि थांबला.

"ज्यांच्या घरात ब्रिगथॉर्पच्या मातीची पिशवी आहे," बेरिल म्हणाली, "त्यांनी उभं राहावं."

कोणी उठलं नाही. केकवरची माशी हाकलायलाही कोणी हात उचलला नाही, न जाणो तो वर केलेला हात वाटायचा. बेरिलने वाट बघितली. आपल्याला या लोकांचा इतका राग येतो याचं कारण आपण यांच्यातल्याच आहोत, हे तिला कळत होतं, आणि त्याने राग कमी होत नव्हता.

मग नॉर्मन स्टॅन्सफील्ड उठला. त्याने घसा साफ केला नाही.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "जिन्याखाली. बुटांच्या खोक्यात."

"बरं," बेरिल म्हणाली. "ब्रिगथॉर्पचा आज घरच्या मैदानावर सामना आहे. मी चालले. यापुढे दर वेळी तिथेच जाणार. आणि मी मेले की मला तिथेच घालायचं, नदीकडच्या टोकाला. हे मी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतेय. नंतर कोणी म्हणू नका की माहीत नव्हतं."

ती आणि नॉर्मन बसथांब्यावर गेले. बस येईपर्यंत आणखी पाच-सहा जण येऊन उभे राहिले. एकाच्या हातात केकचा तुकडा होता. कोणी एकमेकांशी बोललं नाही, फक्त हवा बरी आहे एवढ्यावर एकमत झालं.

ब्रिगथॉर्पच्या लोकांना आधी वाटलं, हे आपल्याला पाठिंबा द्यायला आलेत. तो गैरसमज बेरिलने पहिल्या मिनिटालाच दूर केला. ती नदीकडच्या गोलमागे, दोरीला पोट टेकवून उभी राहिली आणि ब्रिगथॉर्पच्या प्रत्येक खेळाडूला त्याच्या चालण्यापासून त्याच्या केसांपर्यंत जे बोलता येईल ते बोलली. काळ्या मातीवर कोवळं गवत आलं होतं. त्यावर ब्रिगथॉर्पचे बूट पडले की तिचा आवाज चढे. लेन हॉइल रोलरला टेकून ऐकत होता. इतकं नेमकं कोणी आमच्या पोरांना कधी बोललं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा डॅरेन आला. अंगात तोच निळा कोट, हातात सुपरमार्केटची प्लास्टिकची पिशवी. दोरीपाशी आल्यावर पुढे काय करायचं ते त्याला सुचेना. तो गोलसमोरच्या मातीकडे बघत राहिला.

"कुठे असतील ते?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक. सगळीकडे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. आणि तूही कोणाला विचारलं नाहीस. पिशवी खिशात घाल."

त्याने ती घडी करून खिशात घातली.

"मी तुला माफ केलेलं नाही," बेरिल म्हणाली.

"नाही."

"पुढच्या हंगामातही करणार नाही."

"बरं."

तो तिच्या आणि नॉर्मनच्या मध्ये उभा राहिला. मैदानावर लाल कपड्यांतले कोणीतरी पाहुणे ब्रिगथॉर्पच्या गोलच्या दिशेने येत होते, हॅदरस्लेडच्या मातीवरून, फार काही वेगात नाही.

"आपण कोणाच्या बाजूने आहोत?" डॅरेनने विचारलं.

"लाल."

"ते कोण?"

"मला काय माहीत. ब्रिगथॉर्प नाहीत ना, मग झालं. ओरड."

डॅरेनने इकडेतिकडे बघितलं, कोटाची गुंडी सोडली आणि सभेत एखादी सूचना मांडावी तसा 'चला, पुढे' असं काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने," बेरिल म्हणाली. "वॉलेसला ऐकू कमी यायचं."